सिस्टीम कॉल लायब्ररी

(प्रणाली-आवाहन संग्रह). संगणकावर चालणारी आज्ञावली आणि संगणकाच्या सर्व साधनांवर नियंत्रण ठेवणारी कार्यप्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या सीमेवर असलेल्या लहान लहान कार्यांच्या संग्रहास ही संज्ञा लावतात. फाइल उघडणे, अक्षरे लिहिणे, स्मृतीचा भाग मागणे, वेळ विचारणे, दुसरी आज्ञावली सुरू करणे, जालावरून संदेश पाठविणे इ. कामे कोणतीही आज्ञावली स्वतः करू शकत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याकडून (कर्नलकडून) करवून घ्यावी लागतात. अशा प्रत्येक मागणीस ‘सिस्टीम कॉल’ किंवा प्रणाली-आवाहन म्हणतात. ही आवाहने विशिष्ट यंत्रावर व विशिष्ट कार्यप्रणालीवर नेमकी कशी करावयाची, याचे ज्ञान ज्या एका ठिकाणी साठविलेले असते ते ठिकाण म्हणजे हा संग्रह होय. सर्वसामान्य वापरणाऱ्यास त्याचे अस्तित्व जाणवत नाही; तथापि त्यातील एक आकडा चुकला, तर त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या सर्व आज्ञावल्या चुकीचे वर्तन करू लागतात. या कारणाने त्याची देखभाल हा संगणकविद्येतील एक किचकट व जबाबदारीचा विषय समजला जातो.

आवश्यकता : आधुनिक प्रक्रियकात सामान्यतः किमान दोन कार्यावस्था असतात. पहिल्या, मर्यादित अवस्थेत सामान्य आज्ञावल्या चालतात. तीत उपकरणांना थेट हात लावता येत नाही किंवा दुसऱ्या आज्ञावलीच्या स्मृतीत डोकावता येत नाही. दुसऱ्या, विशेषाधिकाराच्या अवस्थेत केवळ गाभा चालतो. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाण्याचा मार्ग बंदिस्त असून तो एका खास यंत्रसूचनेद्वारेच उघडतो. बँकेतील ग्राहक जसा तिजोरीपर्यंत जात नाही, तर खिडकीशी ठरावीक नमुन्यातील चिठ्ठी देतो, तसाच हा प्रकार आहे. चिठ्ठीवर मागणीचा क्रमांक व तपशील असतो. आतील व्यवस्था तो तपासून काम करते आणि उत्तर परत देते.

अडचण अशी की, हा नमुना सर्वत्र एकच नसतो. तो कार्यप्रणालीगणिक बदलतो आणि एकाच कार्यप्रणालीतही प्रक्रियकाच्या रचनेनुसार बदलतो. प्रत्येक आज्ञावलीने हे सर्व नमुने लक्षात ठेवावयाचे ठरविल्यास सी, गो, रस्ट यांसारख्या भाषांत लिहिलेली कोणतीही आज्ञावली एका प्रकारच्या यंत्राबाहेर जाऊच शकणार नाही. हा भार एकाच ठिकाणी गोळा करणे, हा संग्रहाचा मुख्य हेतू होय.

कार्यपद्धती : लिहिण्याचे ‘राइट’ हे साधे आवाहन उदाहरणादाखल घेता येईल. आज्ञावली संग्रहातील राइट या कार्यास तीन गोष्टी पुरविते : फाइलीचा क्रमांक, मजकुराचा स्मृतीतील पत्ता व त्याची बाइटांतील लांबी. यानंतर संग्रहाने आवाहनाचा क्रमांक आणि हे तीन तपशील प्रक्रियकातील ठरावीक रजिस्टरांत (नोंदकांत) ठेवावयाचे, विशेष सूचना द्यावयाची, गाभ्याचे उत्तर आले की ते तपासावयाचे आणि त्रुटी असल्यास ती आज्ञावलीस समजेल अशा स्वरूपात मांडावयाची असते.

लिनक्स कार्यप्रणालीवर इंटेलच्या जुन्या ३२-बिट रचनेत राइटचा क्रमांक ४ आहे, तर त्याच घराण्यातील ६४-बिट रचनेत तो १ आहे. ६४-बिट आर्म व रिस्क-५ या रचनांत तो ६४ आहे. जुन्या ३२-बिट रचनेत १ हा क्रमांक ‘एक्झिट’ म्हणजे आज्ञावली संपविण्याच्या आवाहनाचा असल्याने, दोन तक्त्यांची गल्लत झाल्यास लिहू पाहणारी आज्ञावली काही न लिहिता तेथेच संपेल. प्रवेशाची सूचनाही निरनिराळी आहे. ३२-बिट इंटेल रचनेत १२८ क्रमांकाचा व्यत्यय, ६४-बिट रचनेत ‘सिसकॉल’, आर्ममध्ये ‘एसव्हीसी’, रिस्क-५ मध्ये ‘इकॉल’, पॉवरपीसीमध्ये ‘एससी’ व स्पार्कमध्ये ‘टीए’ अशा सूचना वापरल्या जातात. ६४-बिट इंटेल रचनेतील सिसकॉल ही सूचना परतीचा पत्ता ठेवण्यासाठी एक नोंदक स्वतःच वापरून टाकते. सामान्य कार्यांना तपशील देताना चौथ्या तपशिलासाठी नेमका तोच नोंदक ठरविलेला असल्यामुळे आवाहनाच्या वेळी संग्रहाला चौथा तपशील दुसऱ्या नोंदकात हलवावा लागतो.

उत्तर परत देण्याची रीतही एकसारखी नाही. लिनक्सवर बहुतेक रचनांत त्रुटी ही −१ ते −४०९५ या दरम्यानच्या ऋण संख्येने दर्शविली जाते. स्पार्कवर मात्र ती प्रक्रियकातील ‘कॅरी’ या स्थितिदर्शक बिटाने कळते, आणि फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली इंटेल रचनेवरही हीच रीत पाळते. ‘पाइप’ हे आवाहन बहुतेक ठिकाणी दोन क्रमांक स्मृतीत लिहून देते. स्पार्कवरील लिनक्समध्ये ते दोन नोंदकांतून परत येतात. वेळ विचारण्यासारखी वारंवार लागणारी कामे जलद व्हावीत म्हणून लिनक्सचा गाभा काही कार्ये आज्ञावलीच्याच स्मृतीत उपलब्ध करून देतो, जेणेकरून अवस्था बदलण्याचा वेळ वाचतो. ती कार्ये कोठे आहेत ते शोधून वापरणे व ती नसल्यास साध्या मार्गाकडे वळणे, हेही संग्रहाचेच काम असते.

इतिहास : प्रणाली-आवाहने व त्यांवरील संग्रह यांचे आजचे स्वरूप मुख्यत्वे युनिक्स या कार्यप्रणालीपासून आले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी सिद्ध झाली; तीत प्रणाली-आवाहनांसाठी स्वतंत्र विभाग होता. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. यामुळे ती एका यंत्राची बांधील राहिली नाही. १९७७ मध्ये ती पीडीपी-११ या यंत्राहून अगदी निराळ्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेण्यात आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वलंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा ७/३२ वर नेली. एकच कार्यप्रणाली व एकच आज्ञावली अनेक यंत्रांवर चालविता येते, हे या प्रयत्नांनी सिद्ध झाले. मात्र यंत्रागणिक बदलणारा थोडासा भाग वेगळा काढून जपावा लागतो, हेही त्याबरोबरच स्पष्ट झाले.

पुढे युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या आणि त्यांच्यातील फरक वाढत गेले. हे फरक आवरण्यासाठी १९८८ मध्ये पॉझिक्स हे प्रमाण प्रसिद्ध झाले. पॉझिक्सने आवाहनांचे क्रमांक ठरविले नाहीत. त्याने केवळ कार्यांची नावे, त्यांचे तपशील व अपेक्षित वर्तन ठरविले. त्यामुळे वरचा चेहरा एक आणि आतील यंत्रणा अनेक, अशी रचना कायम झाली. ग्नू प्रकल्पासाठी रोलंड मॅकग्राथ यांनी १९८० नंतरच्या दशकात जो सी संग्रह लिहावयास घेतला, त्याची दुसरी मुख्य आवृत्ती १९९७ मध्ये निघाली. ग्लिबसी या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह लिनक्सच्या बहुसंख्य वितरणांत वापरला जातो. लहान यंत्रांसाठी एरिक अँडरसन यांचा यूसीलिबसी, अँड्रॉइडसाठी बायॉनिक आणि २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला रिच फेल्कर यांचा मसल हे अन्य महत्त्वाचे संग्रह होत. गो व रस्ट या नव्या भाषांनी आपापले स्वतंत्र आवाहन-संग्रह निर्माण केले आहेत.

भिन्नतेचे प्रकार : संग्रहाची देखभाल करणाऱ्यास ज्या भिन्नतांना तोंड द्यावे लागते, त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार आवाहनांच्या क्रमांकांचा असून त्याचा उल्लेख वर आलाच आहे. लिनक्समध्ये प्रत्येक रचनेचा तक्ता स्वतंत्रपणे वाढत गेल्यामुळे ही विविधता निर्माण झाली. आर्म ६४ व रिस्क-५ यांसारख्या नंतरच्या रचनांसाठी एक समाईक तक्ता ठरविण्यात आला, आणि २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून नव्या आवाहनांना जवळजवळ सर्व रचनांवर एकच क्रमांक देण्याची प्रथा सुरू झाली. जुने क्रमांक मात्र तसेच राहिले. ते बदलणे म्हणजे आधी तयार असलेल्या सर्व आज्ञावल्या मोडणे होय.

दुसरा प्रकार स्थिरांकांचा. ‘फाइल नसल्यास निर्माण करावी’ या अर्थाचा स्थिरांक इंटेल रचनेवरील लिनक्समध्ये ६४ आहे. फ्रीबीएसडीवर व स्पार्कवरील लिनक्समध्येही तो ५१२ आहे. याउलट इंटेल रचनेवरील लिनक्समध्ये ५१२ याचा अर्थ ‘फाइलीतील असलेला मजकूर काढून टाकावा’ असा होतो. म्हणजेच एका रचनेचा तक्ता दुसरीवर निष्काळजीपणे उतरवून घेतल्यास नवी फाइल निर्माण करण्याऐवजी जुनी फाइल पुसली जाईल, आणि गाभा कोणतीही तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने मागणी वैधच असते. त्रुटींच्या क्रमांकांचेही असेच आहे. ‘तूर्त शक्य नाही, पुन्हा प्रयत्न करावा’ या त्रुटीचा क्रमांक लिनक्सवर सामान्यतः ११ व फ्रीबीएसडीवर ३५ आहे, तर परस्परांच्या प्रतीक्षेत अडकून पडल्याच्या त्रुटीचा क्रमांक लिनक्सवर ३५ व फ्रीबीएसडीवर ११ आहे. दोहोंची अदलाबदल झाल्यास आज्ञावली जेथे थोडे थांबावयाचे तेथे हार मानील आणि जेथे थांबून उपयोग नाही तेथे पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहील.

तिसरा प्रकार स्मृतीतील मांडणीचा. फाइलीची माहिती देणाऱ्या संरचनेत आकार, मालक, वेळ इ. घटक कोणत्या क्रमाने व किती बाइटांत ठेवलेले असतात, हे रचनेनुसार बदलते. काही प्रक्रियक संख्येतील मोठ्या मोलाचे बाइट आधी ठेवतात, काही नंतर. ३२-बिट यंत्रावर ६४-बिट संख्या दोन नोंदकांत विभागून द्यावी लागते; त्यातही आर्मच्या प्रचलित संकेतानुसार अशी जोडी समक्रमांकाच्या नोंदकापासूनच सुरू व्हावी लागते, त्यामुळे कधी कधी मध्ये एक नोंदक रिकामा सोडावा लागतो. फ्रीबीएसडीने २०१८ मधील आपल्या बाराव्या आवृत्तीत फाइलींच्या अंतर्गत क्रमांकाचा आकार ३२ वरून ६४ बिटांवर नेला, तेव्हा अनेक संरचनांची मांडणी बदलली आणि ती मांडणी स्वतःजवळ लिहून ठेवणाऱ्या अन्य भाषांच्या संग्रहांना जुनी व नवी अशा दोन्ही रूपांचा विचार करावा लागला.

चौथा प्रकार अर्थाचा. नाव तेच, तपशील तेच, परंतु वर्तनात बारीक फरक, असे काही वेळा घडते. हे फरक कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत. ते चाचणीने किंवा अनुभवानेच कळतात, म्हणून चारही प्रकारांत हा सर्वांत त्रासदायक मानला जातो.

कार्यप्रणालींची धोरणे : संग्रहाने गाभ्याशी थेट बोलावे की नाही, याविषयी कार्यप्रणालींत मतभेद आहेत. लिनक्समध्ये गाभा व सी संग्रह यांची देखभाल वेगवेगळे गट करतात. गाभ्याची आवाहने मोडू द्यावयाची नाहीत, असा तेथील दंडक असल्याने कोणीही ती थेट करू शकतो. मॅकओएस व विंडोज यांवर स्थिती उलट आहे. तेथे गाभ्याचे क्रमांक व संकेत ही आतील बाब समजली जाते आणि निर्मात्याने पुरविलेला संग्रह हीच अधिकृत सीमा असते. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलत आले आहेत.

या धोरणाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण २०१६ मध्ये दिसून आले. गो भाषेचा संग्रह तोपर्यंत मॅकओएसवर गाभ्यास थेट आवाहने करीत असे. त्या वर्षीच्या सिएरा या आवृत्तीत वेळ सांगणाऱ्या आवाहनाचा अंतर्गत संकेत बदलला. परिणामी आधी तयार केलेल्या गो आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर कोसळू लागल्या. भाषेची सुधारित आवृत्ती काढून त्या पुन्हा तयार करणे भाग पडले. त्यानंतर २०१८–१९ मधील १.११ व १.१२ या आवृत्त्यांत गो भाषेने मॅकओएसवर थेट मार्ग सोडून अधिकृत संग्रहाचा आश्रय घेतला. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून पुढचे पाऊल टाकले. आज्ञावलीत घुसविलेल्या परक्या सूचनांना गाभ्यापर्यंत पोहोचता येऊ नये, म्हणून नोंदलेल्या जागांतूनच आवाहन स्वीकारण्याची व्यवस्था तीत टप्प्याटप्प्याने करण्यात आली आणि २०२४ मधील ७.५ या आवृत्तीत क्रमांक देऊन कोणतेही आवाहन करण्याचे सर्वसाधारण कार्यच काढून टाकण्यात आले.

एका कार्यप्रणालीची आवाहने दुसरीने जशीच्या तशी पुरवावीत, असेही प्रयत्न झाले आहेत. फ्रीबीएसडीत लिनक्सच्या आज्ञावल्या चालविण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या गाभ्यात लिनक्सची आवाहने पुरविणारा थर आणला. तथापि असे अनुकरण सर्व बारकाव्यांसह करणे अवघड असल्याने २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या रूपात प्रत्यक्ष लिनक्सचा गाभाच वापरण्यात आला.

देखभालीच्या पद्धती : पूर्वी आकड्यांचे तक्ते हाताने लिहिले जात. रचनांची संख्या वाढल्यावर ही पद्धत धोक्याची ठरली. आता शक्य तेथे गाभ्याच्या मूळ घोषणांवरून हे तक्ते यंत्रानेच तयार केले जातात. गो भाषेच्या संग्रहात लिनक्ससाठीचे तक्ते एका निश्चित, बंदिस्त वातावरणात सर्व रचनांकरिता एकाच वेळी निर्माण केले जातात, जेणेकरून ते करणाऱ्याच्या यंत्रावरील आवृत्तीचा परिणाम त्यांवर होऊ नये. सामान्य भाग एकदाच लिहावा, कार्यप्रणालीनुसार बदलणारा भाग दुसऱ्या थरात व रचनेनुसार बदलणारा अत्यल्प भाग तिसऱ्या थरात ठेवावा, अशी मांडणी सर्वत्र रूढ आहे. प्रत्येक रचनेचे प्रत्यक्ष यंत्र जवळ असणे अशक्य असल्याने क्यूईएमयू यांसारख्या अनुकरणकर्त्या आज्ञावल्यांवर चाचण्या घेतात. परंतु अनुकरणात स्वतःचे दोष असू शकत असल्यामुळे ती प्रत्यक्ष यंत्राची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

नवे आवाहन स्वीकारताना घाई केली जात नाही. एकदा दिलेले कार्य परत घेता येत नाही, हे त्याचे कारण होय. यादृच्छिक संख्या पुरविणारे ‘गेटरँडम’ हे आवाहन लिनक्सच्या गाभ्यात २०१४ मध्ये आले, परंतु ग्लिबसीत त्यासाठी कार्य २०१७ मध्ये उपलब्ध झाले. आज्ञावलीतील धाग्याचा क्रमांक सांगणारे ‘गेटटिड’ तर गाभ्यात अनेक वर्षे असूनही ग्लिबसीत २०१९ मध्ये आले. मधल्या काळात गरजू लोक क्रमांक स्वतः लिहून आवाहन करीत असत आणि अशा रीतीने रचनाभेदाचा प्रश्न पुन्हा त्यांच्याच अंगावर येत असे. तेव्हा घाई व दिरंगाई या दोहोंचेही मोल द्यावे लागते.

संग्रह नव्या गाभ्याचा लाभ घेतो, पण त्यास जुन्या गाभ्यावरही चालावे लागते. यासाठी प्रथम नवे आवाहन करून पाहावयाचे आणि ‘असे आवाहन येथे नाही’ ही त्रुटी आल्यास जुन्या मार्गाने जावयाचे, अशी रीत आहे. ही रीत त्रुटीचा क्रमांक नेमका असण्यावर अवलंबून असते. २०२१ मध्ये ग्लिबसीच्या २.३४ या आवृत्तीने नवे धागे निर्माण करण्यासाठी ‘क्लोन३’ हे आवाहन वापरावयास प्रारंभ केला. डॉकरसारख्या बंदिस्त वातावरणांतील सुरक्षा-गाळण्यांना हे आवाहन अपरिचित होते आणि त्या ‘आवाहन नाही’ असे न सांगता ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत. त्यामुळे संग्रह जुन्या मार्गाकडे वळला नाही व आज्ञावल्यांना धागेच निर्माण करता येईनात. गाळण्यांचे नियम सुधारल्यावर हा दोष दूर झाला. गाभा, संग्रह व मधली गाळणी या तिघांनीही आपापल्या परीने योग्य वाटणारेच वर्तन केले असता एकत्रित परिणाम चुकीचा होऊ शकतो, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

वेळेचा प्रश्न : या क्षेत्रातील सर्वांत व्यापक काम २०३८ या वर्षाशी निगडित आहे. युनिक्सच्या परंपरेत वेळ ही १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजली जाते. ३२-बिट चिन्हयुक्त संख्येत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ इतकेच सेकंद मावतात. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. त्याच्या पुढच्या सेकंदाला अशा यंत्राच्या लेखी १३ डिसेंबर १९०१ ही तारीख येते. नागपूर येथील एखाद्या वीजकेंद्रातील नोंदयंत्र, पाण्याच्या टाकीचे नियंत्रक किंवा हवामानाच्या नोंदी घेणारे स्वयंचलित केंद्र यांसारखी साधने एकदा बसविली म्हणजे वीसवीस वर्षे वापरात राहू शकतात. त्यांत ३२-बिट प्रक्रियक व जुना संग्रह असल्यास नोंदींचा क्रम बिघडणे, ठरलेली कामे न होणे, प्रमाणपत्रांची मुदत चुकीची समजली जाणे असे परिणाम संभवतात.

यावरचा उपाय दिसावयास सोपा, म्हणजे ६४-बिट संख्या वापरणे, हा आहे. परंतु वेळ अनेक आवाहनांच्या संरचनांत गुंफलेली असल्याने तो सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी अमलात आणावा लागतो. ओपनबीएसडीने २०१४ मधील ५.५ या आवृत्तीत सर्व रचनांवर हा बदल एकदमच केला. गाभा व संग्रह एकाच गटाच्या हाती असल्याने ते शक्य झाले. लिनक्समध्ये २०१९ मधील ५.१ या आवृत्तीत ३२-बिट रचनांसाठी वेळेची नवी आवाहने समाविष्ट झाली. मसलने २०२० मधील १.२.० या आवृत्तीत ६४-बिट वेळ सर्वांना लागू केली आणि जुन्या आज्ञावल्यांसाठी जुनी कार्येही ठेवली. ग्लिबसीने २०२१ मध्ये ती ऐच्छिक स्वरूपात दिली : आज्ञावली तयार करताना तशी मागणी केल्यासच ती मिळते. डेबियन या वितरणाने २०२४ मध्ये ३२-बिट आर्मसाठी हजारो आज्ञावल्या पुन्हा तयार करून हे स्थित्यंतर केले. ३२-बिट इंटेल रचना मात्र जुन्या, पुन्हा तयार न करता येणाऱ्या आज्ञावल्यांच्या सोयीसाठी त्यातून वगळली. जुन्याशी निष्ठा व भविष्याची तरतूद यांपैकी कोणती बाजू केव्हा घ्यावी, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या वापरणाऱ्यांकडे पाहून दिले आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : एका संस्थेस अनेक रचना व अनेक कार्यप्रणाली यांना क्रमाने सामोरे जावे लागल्याचे ठळक उदाहरण पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) आहे. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली कार्यास लागलेल्या या केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सादर केला. त्यातील ट्रान्सप्युटर या प्रक्रियकात कामांची आखणी प्रत्यक्ष यंत्रातच होत असे व स्मृतिसंरक्षणाची सोय नव्हती. अशा यंत्रणांत फाइलींची कामे सामान्यतः जोडलेल्या यजमान संगणकाकडे संदेश पाठवून करवून घ्यावी लागत. त्यानंतरच्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६०, परम ९००० मध्ये सुपरस्पार्क व १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क प्रक्रियक आले. २००२ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रक्रियक व एआयएक्स ही कार्यप्रणाली होती. जून २००३ मधील जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत या यंत्रास १७१ वे स्थान मिळाले. २००८ च्या परम युवापासून इंटेलच्या झिऑन प्रक्रियकांवर व लिनक्सवर भर आला. सतरा वर्षांत प्रक्रियकांची पाच घराणी व सीमेचे अनेक प्रकार झाले. हवामान, भूकंपलहरी, रेणुरचना इ. विषयांतील आज्ञावल्या प्रत्येक वेळी नव्याने लिहिणे अशक्य होते. संदेशवहनाचे एमपीआय हे प्रमाण व त्याखालील संग्रह यांच्या आधारेच त्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतात. नागपूर येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील एखाद्या संशोधकाने आपल्या मेजावरील संगणकावर लिहिलेली आज्ञावली पुण्याच्या महासंगणकावर केवळ पुन्हा भाषांतरित करून चालू शकते, ती याच थरांमुळे.

भारतीय तंत्रविज्ञान संस्था, मुंबई येथे माधव देसाई व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेला व २०१९ मध्ये प्रसिद्धीस आलेला अजित हा सूक्ष्मप्रक्रियकही या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यासाठी नवा सूचनासंच न निर्मिता स्पार्क (आठवी आवृत्ती) हा प्रस्थापित ३२-बिट सूचनासंच निवडण्यात आला. अशा निवडीमुळे कंपायलर, लिनक्सचा गाभा व आवाहन-संग्रह यांतील पूर्वीचे काम उपयोगी पडते; मात्र त्याबरोबर मोठ्या मोलाचे बाइट आधी ठेवण्याची पद्धत, कॅरी बिटाने त्रुटी दर्शविण्याचा संकेत, स्थिरांकांचे वेगळे तक्ते आणि २०३८ चा प्रश्न हा वारसाही येतो. नवा प्रक्रियक घडविणे हे कामाचे अर्धे अंग असून त्यावर आज्ञावल्या चालत्या ठेवणे हे दुसरे अंग होय. याच संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी साधनकेंद्राने एकाच कंपायलरकडून अनेक यंत्ररचनांसाठी सूचना कशा निर्माण होतात, याचे शिक्षण देण्याचे कार्य केले आहे.

मर्यादा व महत्त्व : कोणतीही रचना कायम जपता येत नाही. वापरणारे उरले नाहीत, चाचणीसाठी यंत्र मिळेनासे झाले किंवा जाणकार कार्यकर्ता राहिला नाही, म्हणजे ती वगळावी लागते. इंटेलची इटॅनियम रचना लिनक्सच्या ६.७ व ग्लिबसीच्या २.३९ या, २०२४ च्या आरंभी निघालेल्या आवृत्त्यांतून अशाच कारणांनी काढून टाकण्यात आली. अशा वेळी त्या यंत्रांच्या मालकांस जुन्या आवृत्तीवर, सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांविना, राहावे लागते. म्हणून एखादी रचना सोडण्याचा निर्णय बराच आधी जाहीर करण्याची पद्धत आहे.

हे काम करणाऱ्यांची संख्या, त्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या मानाने फारच अल्प आहे. त्याचे यश दिसून येत नाही. केवळ अपयश दिसते. तथापि आरक्षणखिडकीवरील संगणक, खिशातील दूरध्वनी, रुग्णालयातील यंत्र आणि महासंगणक यांवर एकच आज्ञावली सारख्याच अर्थाने चालावी, ही अपेक्षा पूर्ण होण्यास गाभ्याच्या उंबरठ्यावरील हे तक्ते अचूक असणे व ते तसे राखणारी माणसे पुढच्या पिढीतही असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.